घाटाची वाट आणि भिवबाची गाडी

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा डोंगरापलीकडे जायचं तर आधी बैलांची मर्जी सांभाळावी लागे आणि मग गाडीची. थोरांनी ऐकावी, लहानांनीही ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावातून पलीकडे जायला दोन वाटा होत्या. एक घाटाची. ती चढी आणि अवघड, पण सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पलीकडे पोचायचा. दुसरी वाट नदीकाठची, सपाट आणि लांबलचक. त्या वाटेनं गेलं की पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची.

त्या गावात भिवबा नावाचा गाडीवान राहायचा. घाटात गाडी घालावी ती भिवबानंच, असं लोक म्हणायचे. त्याची गाडी त्याच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातांनी घडवलेली होती. सासरा मोठा नावाजलेला सुतार. लेकीच्या लग्नात त्यानं दागिने घातले नाहीत, जुन्या बाभळीची ही गाडी दिली. येसू त्याच गाडीतून सासरी आली. पुढे सासरा वारला, आणि भिवबा त्या गाडीला घरातलं वडीलधारं माणूस मानू लागला. सकाळी बैल जुंपण्याआधी तो जुवाला हात लावून नमस्कार करायचा.

त्याच्या शेजारी मल्हारी राहायचा. त्याची तऱ्हा उलटी. दर जत्रेला तो नवी गाडी घेऊन यायचा. चाकांना रंग, जुवाला घुंगरं, बसायला नक्षीची फळी. गाडी धड रुळायच्या आत ती विकून तो दुसरीच्या मागे लागायचा.

भिवबा येसूला म्हणायचा, "मल्हारीचे नव्याचे नऊ दिवस काही संपत नाहीत. आपली गाडी बघ. माझ्याबरोबरच म्हातारी होणार ही."

येसू हसायची आणि काही बोलायची नाही.

माणसाचं असंच असतं. दुसऱ्याचा उतावळेपणा दिसला की आपला हट्ट आपल्याला शहाणपण वाटायला लागतो.

वर्षं गेली. गाडी कुरकुरू लागली. भिवबानं वंगण वाढवलं. चाकाचे आरे हलले, ते बदलून घेतले. फळी उचकटली, ती दोरानं आवळली. यात वाईट काही नव्हतं. वस्तू सांभाळावी, डागडुजी करावी, हे घराला शोभतंच. पण एक दिवस गावच्या सुतारानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि तो बराच वेळ उठलाच नाही.

"भिवबा, दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो आस चिरलाय," तो म्हणाला.

"मग बदल की."

"नुसता आस बदलून भागायचं नाही. ज्या लाकडात तो बसवायचा, तेही भुसभुशीत झालंय. सपाटीवर ही गाडी अजून पुष्कळ चालेल. घाटात मात्र घालू नकोस. नवी बांधायला घे."

"बघू," भिवबा म्हणाला.

आणि त्यानं घाटाची वाट सोडली, गाडी नदीकाठानंच नेऊ लागला. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "उन्हाचे दिवस आहेत, बैल दमतात." थंडीत म्हणायचा, "घाटात धुकं असतं." पावसाळ्यात तर निमित्त शोधायचीही गरज नव्हती. लोकांना वाटलं, भिवबा म्हणतोय म्हणजे खरंच असणार. मग लोकच हळूहळू पलीकडे कमी जाऊ लागले. एवढ्या लांबच्या वाटेनं कोण रोज जातंय?

येसूलाही त्यानं सांगितलं नाही. तिच्या बापाच्या हातची गाडी. ती मोडीत काढा, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

एके दिवशी पहाटे गावचा कुंभार धावत दारात आला. त्याच्या मागोमाग सुईण होती.

"भिवबादादा, गाडी जुंपा! माझी लेक चिमा काल सकाळपासून अडलीय."

सुईण म्हणाली, "बाळ आडवं आहे. माझ्या हातचं काम राहिलं नाही. डोंगरापलीकडच्या वैद्यीणबाईकडे न्यायला हवं, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत."

भिवबा गाडीकडे गेला. जुवाला हात लावला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नदीकाठानं जाऊ."

"नदीकाठानं?" सुईण ओरडली. "संध्याकाळपर्यंत ही पोर राहील का?"

कुंभारानं हात जोडले. "दादा, काय झालं ते तरी सांगा. घाट तुमच्या पायाखालचा आहे."

येसू दारात उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत होती. भिवबा खाली बघत म्हणाला, "आस चिरलाय. घाटात ही गाडी टिकायची नाही."

"कधीपासून?" येसूनं विचारलं.

त्यानं जुवावरचा हात काढून घेतला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बापाच्या हातची आहे. तुला वाईट वाटलं असतं."

येसूचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही. "आणि नवी बांधा असं मीही का म्हणत नव्हते, माहीत आहे? मला वाटायचं, तुमचा जीव आहे तिच्यात. अहो, माझ्या बापानं ही गाडी माणसं पोचावीत म्हणून केली. देव्हाऱ्यात ठेवायला नव्हती केली. चला, मल्हारीभाऊंना उठवा."

मल्हारी डोळे चोळत बाहेर आला. सगळं ऐकलं आणि लगेच म्हणाला, "घेऊन जा. माझी गाडी कोरी करकरीत आहे."

भिवबानं आपले बैल त्या गाडीला जुंपता जुंपता विचारलं, "चढाला ही कशी चालते? चाक कुठल्या अंगाला ओढतं?"

मल्हारी ओशाळला. "मला नाही सांगता यायचं. परवाच तर आणली. घाटात माझी कुठलीच गाडी मी कधी घातली नाही. त्याआधीच विकतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाची गाडी ओळखीची होती, पण तिच्यात दम उरला नव्हता. दुसऱ्याच्या गाडीत दम होता, पण तिची ओळखच नव्हती.

"तू बरोबर चल," भिवबा म्हणाला.

चिमाला गवताच्या बिछान्यावर निजवलं. सुईण आणि येसू तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. भिवबा गाडीवर बसला नाही. कासरा हातात धरून तो बैलांच्या पुढे चालू लागला. मल्हारी आणि कुंभार मागून चालले.

पहिल्याच वळणावर गाडी दरीकडे सरकली. चिमा किंचाळली. मल्हारीनं झटकन चाकामागे दगड घातला. भिवबानं बैल थोपवले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाक पाहिलं.

"डावीकडे ओढते आहे," तो म्हणाला. "मल्हारी, तू उजव्या चाकाशी राहा. मी हाक दिली की तुझ्याकडे ओढ."

तेव्हापासून प्रत्येक वळणावर भिवबा हाक द्यायचा आणि मल्हारी ओढायचा. त्याच्या हातांना फोड आले. रंगवलेली चाकं खडकाला घासून खरवडली, एक नक्षीची फळी तुटून दरीत गेली. मल्हारीनं तिकडे पाहिलंही नाही. येसू चिमाच्या कपाळावर ओला पदर ठेवून म्हणत होती, "आलंच हं, आलंच."

उन्हं डोक्यावर यायच्या आत गाडी वैद्यीणबाईच्या अंगणात उभी राहिली.

चिमाला लगेच आत नेलं. आतून कण्हणं ऐकू येत होतं. कुंभार भिंतीला टेकून बसला होता. आणि मग एक बारीकसं, रागावलेलं रडं ऐकू आलं. वैद्यीणबाई दारात येऊन म्हणाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझाही इलाज चालला नसता."

भिवबा अंगणातच खाली बसला आणि त्यानं तोंडावर उपरणं ओढून घेतलं.

गावी परतल्यावर तो सुताराकडे गेला. "नवी गाडी बांधायला घे," म्हणाला. येसू बरोबर होती. सुताराच्या अंगणात ओंडके पडले होते. तिनं एकेका ओंडक्यावर टिचकी मारली, कान लावला आणि एकावर हात ठेवला. "हे घ्या. बाबांनी हेच निवडलं असतं."

सुतारानं मान डोलावली. "आणि जुनीचं काय करायचं? फोडायची?"

"फोडायची कशाला?" येसू म्हणाली. "सपाटीवर चालते ना अजून? कुंभारकाकांना तळ्यावरून माती आणायला द्या. तेवढं काम तिला झेपेल."

सुतारानं आत एक साधा आस ठोकून दिला आणि जुनी गाडी कुंभाराकडे गेली. तळं ते कुंभारवाडा, हलक्या ओझ्याची सपाट वाट. कुंभाराची चाकं तिच्यामुळे अधिक फिरू लागली आणि तो तिच्यावर मायेनं हात फिरवताना दिसू लागला.

मल्हारी त्या वर्षी जत्रेला गेला, पण चालत गेला आणि नवी गाडी न घेता चालतच आला. गाडीचं डावं चाक त्यानं सुताराकडून नीट करून घेतलं होतं. हळूहळू त्याला तिची प्रत्येक खोड कळू लागली. मग घाटातल्या वाटसरूंची निम्मी भाडी भिवबानं आपणहून त्याला दिली.

भिवबाची नवी गाडी तयार झाली तेव्हा त्यानं ती घाटात नेण्याची घाई केली नाही. आधी रिकामी फिरवली, मग थोडं ओझं, मग नदीकाठ. तिचं लाकूड कुठं बोलतं, चाक कुठं अडतं, ते ऐकून घेतलं. आणि मग एका सकाळी त्यानं गावात दवंडी दिली, "घाटाची गाडी सुटणार आहे!"

सगळ्यात आधी एक म्हातारी येऊन बसली. तिची लेक डोंगरापलीकडे दिली होती. लांबच्या वाटेचा शीण सोसवेना, म्हणून तिनं लेकीकडे जाणंच सोडलं होतं. गाठोडं मांडीवर घेत ती म्हणाली, "बाबा रे, मला वाटलं घाटच खचला."

भिवबा म्हणाला, "घाट जागच्या जागी होता, आजी. मीच खचलो होतो. चला, दुपारच्या जेवणाला लेकीच्या पंगतीत बसाल."

आणि गाडी चढाला लागली.

म्हणून सांगायचं ते इतकंच: वाहन कधी बदलायचं हे हौसेला विचारू नये आणि मायेलाही विचारू नये, ज्या कामासाठी ते दारात आणलं, त्या कामाला विचारावं.