टिव टिव कोण करतं?

जास्वंदीच्या झाडावर एक शिंपीण राहायची.

शिंपीण म्हणजे पाखरू बरं का! अंगठ्याएवढं पाखरू. चोचीची सुई करायची, कापसाचा दोरा करायची, पान शिवायची आणि पानातच राहायची.

झाडाशेजारी होतं पारूताईचं गॅरेज. गॅरेजपुढे उभा होता दौलतमामाचा टेम्पो. टेम्पोत कोबीच कोबी! मामा चाकात हवा भरायला थांबला होता. टेम्पो मात्र सुरूच होता. घर्र घर्र घर्र!

शिंपीण किडा घेऊन घरी आली. बघते तर काय? घरट्यात पिल्लू नाही!

एकच तर पिल्लू होतं तिचं. कालच काठावर बसायला शिकलं होतं. तिच्या चोचीतला किडा पडला आणि पळून गेला.

"पिल्ला, पिल्ला, कुठे रे तू?"

"टिव टिव टिव!"

ती गेली जास्वंदीखाली. तिथे पिल्लू नाही.

"टिव टिव टिव!"

ती गेली पाण्याच्या पिंपामागे. तिथेही नाही.

मग टिव टिव कोण करतं? टेम्पो! टेम्पोच्या पोटात एक काळा पट्टा गरगर फिरत होता आणि ओरडत होता. अगदी पिल्लासारखा. आता खरं पिल्लू ऐकू कसं येणार?

टुण टुण टुण! ती टेम्पोच्या जाळीवर बसली. आत सगळा अंधार.

"पट्टेदादा, पट्टेदादा, गप्प बस ना!
पिल्लू सापडेना!"

पट्टा म्हणाला, "मी नाही बसत जा. मी पडलो सैल. सैल म्हणून घसरतो, घसरतो म्हणून ओरडतो. डायनामो पलीकडे सरकेल, तर मी ताठ होईन. ताठ झालो, की गप्प बसेन."

डायनामो म्हणजे वीज करणारा गोल गडी. पट्टा त्याला फिरवतो. टुण टुण टुण!

"डायनामोदादा, डायनामोदादा, सरक ना!
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

डायनामो म्हणाला, "मी नाही सरकत जा. मला नटाने आवळून धरलंय. नट ढिला होईल, तर मी सरकेन."

टुण टुण टुण!

"नटोबा, नटोबा, ढिला हो ना!
डायनामो सरकेना,
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

नट म्हणाला, "मी नाही होत जा. मी काय आपला आपण फिरतो? पाना फिरेल, तर मी ढिला होईन."

पाना होता गॅरेजच्या भिंतीवर, खिळ्याला लटकलेला. भुर्रर्र!

"पानेदादा, पानेदादा, फिर ना!
नट ढिला होईना,
डायनामो सरकेना,
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

पाना म्हणाला, "मी नाही फिरत जा. मला कुठे हात आहेत? पारूताई धरेल, तर मी फिरेन."

पारूताई डोळे मिटून उभी होती. ती टेम्पोचा आवाज ऐकत होती. भुर्रर्र!

"पारूताई, पारूताई, मला धर ना म्हणतोय पाना!
पाना फिरेना,
नट ढिला होईना,
डायनामो सरकेना,
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

पारूताई म्हणाली, "अगं शिंपीणबाई, पट्टा सैल आहे, हे मला आवाजावरूनच कळलं. पण फिरत्या पट्ट्यात हात घालायचा नसतो. बोटं जातील माझी! मामा गाडी थांबवेल, तर मी पाना धरेन."

टुण टुण टुण! शिंपीण मामाच्या खिडकीत बसली.

"दौलतमामा, दौलतमामा, गाडी थांबव ना!
ताई पाना धरेना,
पाना फिरेना,
नट ढिला होईना,
डायनामो सरकेना,
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

मामा म्हणाला, "छे गं बाई! बॅटरी रिकामी आहे, बंद केली की ही परत सुरूच होत नाही. धक्का कोण मारणार? माझा कोबी वाळेल, बाजार उठेल! आवाजच बंद करायचा ना? थांब."

मामाकडे होती एक काठी. काठीला बांधली होती साबणाची वडी. मामाने साबण पट्ट्याला लावला. सुर्रर्र!

पट्टा गप्प झाला. शिंपिणीने मान वाकडी केली. ती ऐकू लागली. आणि...

"टिव टिव टिव टिव टिव!"

पट्टाच तो! साबण लागला, आणखी घसरला. आता आधीपेक्षा मोठ्यांदा ओरडू लागला.

"रोज असंच होतं," मामा हिरमुसून म्हणाला. "तू बॅटरीला जाऊन सांग. बॅटरी भरेल, तर मी गाडी थांबवेन."

बॅटरी बसली होती मामाच्या सीटखाली. टुण टुण टुण!

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, भर ना!
मामा गाडी थांबवेना,
ताई पाना धरेना,
पाना फिरेना,
नट ढिला होईना,
डायनामो सरकेना,
पट्टा गप्प बसेना,
पिल्लू सापडेना!"

बॅटरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी कशी भरू गं? मला भरतो डायनामो. डायनामोला फिरवतो पट्टा. पट्टा घसरतो, म्हणून मी रिकामी. पट्टा ताठ होईल, तर मी भरेन."

पट्टा? म्हणजे परत पट्टाच!

शिंपीण खाली मातीत येऊन बसली. तिला रडू आलं. सगळे खरं बोलत होते. कुणीच खोटं बोलत नव्हतं. तरी पिल्लू सापडत नव्हतं. ती बसून राहिली आणि विचार करू लागली. जो तो म्हणतो, आधी तो, मग मी. मग आधी कोण?

"आधी मी," शिंपीण म्हणाली.

टुण टुण टुण! ती टेम्पोच्या मागे गेली. टेम्पोला छाती लावली. इवलेसे पाय मातीत रोवले आणि ढकलू लागली.

"हय्या! हय्या!"

मामाने खाली वाकून बघितलं. "अगं, काय करतेस?"

"धक्का मारतेय. तुला धक्क्याची काळजी ना? मी मारेन धक्का. तू गाडी थांबव."

मामा हसला. खो खो हसला. मग त्याने तिचे पाय बघितले, काडीसारखे. आणि तो हसायचा थांबला.

"एवढीशी ही आई," तो म्हणाला, "आणि मी आपला कोबीचं घेऊन बसलोय!"

मामाने चावी फिरवली. खट्!

टेम्पो गप्प. पट्टा गप्प. ताई गप्प, मामा गप्प. शिंपीणही गप्प.

आपणही गप्प बसू या हं. ऐक.

...

"टिव."

ऐकलंस? बारीकसा. एकदाच.

"पिल्लू!" शिंपीण ओरडली. "माझं पिल्लू टेम्पोच्या पोटात आहे!"

पारूताईने गॅरेजमधला हातदिवा आणून लावला. डायनामोच्या मागे एक छोटी फट होती. फटीत दोन डोळे लुकलुकत होते. पट्टा टिव टिव करत होता ना? पिल्लाला वाटलं, आईच बोलावतेय. म्हणून ते खालून आत शिरलं आणि अडकलं.

मग काय!

मामाने गाडी थांबवलीच होती,
ताईने पाना धरला,
पाना फिरला, कर्र कर्र,
नट ढिला झाला,
डायनामो पलीकडे सरकला,
फट झाली मोठी,
आणि पिल्लू, टुणकन बाहेर!

अंगाला काळं तेल, डोक्यावर धूळ. शिंपिणीने त्याला पंखाखाली घेतलं.

डायनामो सरकला, तसा पट्टाही ताठ झाला. ताईने नट परत घट्ट आवळला. मग ताई टेम्पोच्या मागे गेली. "शिंपीणबाई, या!"

दोघींनी मिळून धक्का मारला.

"हय्या! हय्या! हय्या!"

घर्र घर्र घर्र! टेम्पो सुरू झाला. पट्टा फिरला, पण ओरडला नाही. डायनामो फिरला. बॅटरी हळूहळू भरू लागली.

"आता ही काठी कशाला हवी?" म्हणत मामाने साबण सोडला आणि ताईच्या हातावर ठेवला. ताईने काळे हात धुतले. फेसच फेस! साबण त्याच्यासाठीच तर असतो.

टेम्पो निघाला बाजाराला. घर्र घर्र करत वळणावरून दिसेनासा झाला.

आता जास्वंदीवर कोण बोलतंय, ऐक.

"टिव टिव टिव!"

पट्टा? नाही. टेम्पो? नाही. पिल्लू!

"टिव टिव," शिंपीण म्हणाली, आणि नवा किडा त्याच्या चोचीत ठेवला.