माळ्याची खडीची बाग

त्या दिवशी वारा पडलेला होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि जमीन अशी तापली होती की शेळ्यासुद्धा पाय उचलून उचलून चालत होत्या. अशा दुपारी माळावरच्या एका गावातला एक माळी देवळातून मान खाली घालून घरी आला.

गावच्या देवीला चैत्री पुनवेचा हार त्याच्या घरून जायचा. आजा-पणजापासूनचा मान तो. पण पावसानं दगा दिला, विहीर तळाला गेली. पंच म्हणाले, "आता पाणी माणसांना आणि गुरांना. फुलझाडांना नाही." पुजारी म्हणाला, "औंदा हार परगावाहून आणू गड्या. पण पुढल्या चैत्री पुनवेलाही तुझ्याकडून आला नाही, तर मान दुसऱ्या घरी जाईल."

गुलाब वाळले, मोगरा वाळला. माळी डोक्याला हात लावून बसला. शेजारी शेळ्या राखणारी एक म्हातारी राहायची. सगळे तिला आत्या म्हणत. ती म्हणाली, "बाबा, माळावरच्या तरवडाला कोण पाणी घालतं? फुलतोच ना? जा, एखादा गोटा उलटून बघ."

माळ्यानं गोटा उलटला. खाली हात लावला, तर गार ओल!

मग त्यानं बागेतली, गाड्या भरून आणलेली काळी माती काढली, मुरूम भरला. पाऊस सरता सरता दवणा आणि मरवा लावला, वर चार बोटं खडी पसरली. येणारेजाणारे हसायचे. "काय रे, दगडाला पालवी फुटायची का?"

"फुटली तर वास तुझ्या घरापर्यंत येईल," माळी म्हणायचा.

आत्यानं बजावलं होतं, दोन रोपांत हातभर जागा सोड. पण माळ्याचाच हात तो! मोकळी जागा दिसली की शिवशिवायचा. त्यानं मधे रोप लावलं, त्याच्याही मधे लावलं. बाग कशी भरून दिसली.

माघात पानं पिवळी पडू लागली.

"मरतायत गं आत्ये सगळी."

"एकमेकांचं पाणी पितायत. अर्धी काढ."

"जिवंत रोप उपटू? माझ्या बापानं असं कधी केलं नाही."

"तुझ्या बापाकडं विहीर होती."

मग माळी वाकला, आणि एकाआड एक रोप हलक्या हातानं काढलं. ज्यांच्या मोरीचं पाणी वाया जायचं, त्यांच्या दारी नेऊन लावलं. बाग टक्कल पडल्यासारखी दिसू लागली. त्याची बायको तिकडं बघेनाशी झाली.

पण राहिलेल्या रोपांनी हळूहळू अंग धरलं. चैत्रात दवणा चांदीसारखा चमकला, मरवा दाटला. पुनवेला माळ्यानं हार केला. बारीकच झाला, पण वास देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेला. पुजाऱ्यानं हार देवीच्या गळ्यात घातला, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "पुढल्या सालीही तुझ्याच घरून येऊ दे."

संध्याकाळी माळी खडीच्या कडेला बसला होता. आत्या शेळ्या घेऊन परतली.

"सगळं झालं गं आत्ये, पण मधली जागा अजून रिकामी वाटते."

त्यावर आत्या जे बोलली, तेच या गोष्टीचं तात्पर्य समजा: "रिकामी कुठं बाबा? खाली मुळ्या पसरल्यात. ज्याला पाणी देता येत नाही, त्याला निदान जागा तरी द्यावी."