चाळीस व्हाइस आणि चाळीस सुपाऱ्या

चिंचगडच्या आबासाहेब महाराजांनी भिवा लोहाराचा व्हाइस उचलून नेला आणि परत द्यायला साफ नकार दिला. व्हाइस म्हणजे लोखंडी जबड्यात काम घट्ट आवळून धरणारं अवजार. ते असलं की कानस चालवायला दोन्ही हात मोकळे राहतात. भिवा अडकित्ते करायचा. व्हाइस गेल्यावर त्याने आठ दिवस पातं पायाखाली दाबून घासलं आणि नवव्या दिवशी स्वतःचा अंगठाच घासून घेतला. तेव्हापासून त्याचा भाता थंड पडला होता.

महाराजांना जुन्या व्हाइसचा नाद होता. इतर संस्थानिक वाघ मारायला जात, हे भंगारवाल्यांकडे जात. तेवढ्यावर भागलं असतं, पण या नादाला त्र्यंबकराव बेहेरे नावाचे पारखी येऊन मिळाले. त्र्यंबकराव लोखंडाला टिचकी मारत, डोळे मिटून गंज हुंगत आणि वय सांगत. शंभराच्या खालचं वय त्यांच्या नाकाला कधी लागलंच नाही. भिवाच्या व्हाइसचं वय त्यांनी पावणेदोनशे वर्षं काढलं. माझी सगुणा जन्मली त्या साली मी हा कोरा करकरीत आणला, असं भिवा हात जोडून सांगत राहिला. लोखंडाचं वय लोहाराला काय कळणार, असं म्हणून त्र्यंबकरावांनी त्याची समजूत घातली.

शेवटी सगुणाच राजवाड्यावर गेली. बापाचं अवजार परत द्या, नाहीतर आम्ही खायचं काय तेही हुंगून सांगा, असं ती देवडीवरच्या शिपायाला ऐकवत असताना महाराज गच्चीत उभे होते. त्यांना गंमत वाटली. त्यांनी तिला थेट व्हाइसच्या दालनात बोलावलं.

दालनात मखमल घातलेल्या लाकडी ओट्यावर चाळीस व्हाइस बोल्टांनी पक्के बसवले होते. सगळे एकाच मापाचे, कारण वाकडीतिकडी रांग महाराजांना खपत नसे. सगळ्यांना एकच काळा रंग, आणि सगळ्यांचे जबडे दोन बोटं उघडे.

"यातला तुझा कोणता ते सांग आणि घेऊन जा," महाराज म्हणाले. "हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. एकदाच सांगायचं. चुकलीस तर पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

सगुणाने रांगेवरून तीनदा नजर फिरवली. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेला व्हाइस तिला ओळखू येईना. तिला रडू येऊ लागलं. पण महाराजांच्या शेजारी उभे असलेले त्र्यंबकराव गालात हसताना दिसले आणि रडण्याच्या जागी राग आला.

तिने त्यांना हात जोडले आणि विचारलं, इतकं जुनं लोखंड असं नव्यासारखं केलं तरी कसं? कौतुक म्हटलं की त्र्यंबकरावांना वेळच वेळ असे. त्यांनी सांगितलं की आधी बाहेरून पॉलिश कागद मारायचा, मग खड्डे रंगाऱ्याची लांबी भरून बुजवायचे, मग तीन हात रंग. आणि खरी करामत पुढेच! आतल्या स्क्रूवर गरम लाख ओतायची, म्हणजे तो जन्मात गंजत नाही.

"स्क्रू बाहेर काढून पुसता व्हय आधी?" सगुणाने विचारलं.

हात काळे करण्याची आपल्या घराण्यात पद्धत नाही, असं त्र्यंबकरावांनी अभिमानाने सांगितलं. सगळ्या चाळीसांवर लाख ओतली का, या प्रश्नावर त्यांनी छातीवर हात ठेवून होकार दिला.

सगुणा महाराजांकडे वळली. "सरकार, मी हात न्हाई लावत. चाळीस सुपाऱ्या मागवा आन् दोन हुजरे द्या. दर व्हाइसात एकेक सुपारी फोडायला सांगा."

महाराज हट्टी होते, तितकेच चौकसही होते. सुपाऱ्या आल्या. पहिल्या व्हाइसचा दांडा एका हुजऱ्याने ओढला, मग दोघांनी मिळून ओढला. दांडा जागचा हलेना. दुसऱ्याची तीच गत. दहाव्यापर्यंत हुजरे घामाघूम झाले, विसाव्याला एक जण दांड्याला चक्क लोंबकळला. अतिशय पक्कं काम आहे, असं त्र्यंबकराव मधून मधून म्हणत होते. पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले.

सत्ताविसाव्या व्हाइसचा दांडा आधी अडला, मग आत लाखेचा पापुद्रा कडकन तुटला आणि जबडा सरसर मिटला. सुपारीची दोन शकलं मखमलीवर पडली.

"ह्यो माझा," सगुणा म्हणाली.

महाराजांनी उरलेले तेराही हट्टाने तपासले. एकातही सुपारी फुटली नाही. मग त्यांनी कारण विचारलं.

"सरकार, बाकीचे भंगारात सुकून आलेले. कोरड्या लोखंडाला लाख घट्ट धरती. माझा बा रोज सांजच्याला स्क्रूत एरंडेल सोडायचा, वीस वर्सं. त्येलकट लोखंडाला लाख चिकटत न्हाई. ह्यांनी पुसलं असतं तर चिकटली असती. पर ह्यांच्या घराण्यात पद्धत न्हाई."

त्र्यंबकराव खिडकीबाहेर बघू लागले. महाराजांना हसू फुटत होतं, पण हार सहज मानतील तर ते आबासाहेब कसले?

"पोरी, तू जिंकलीस, घेऊन जा. पण माझी रांग मोडली. सत्ताविसाव्या जागेवर आता ठेवू काय?"

"त्र्यंबकरावांना ठेवा, सरकार," सगुणा म्हणाली. "वरून झकास दिसत्यात, अन् आतून जागचे हलत न्हाईत."

महाराज इतके हसले की त्यांना मखमलीवरच बसावं लागलं. त्यांनी राजवाड्याची बैलगाडी जुंपायला सांगितली, व्हाइस तिच्यात चढवायला लावला आणि वर भिवासाठी चार पोती कोळसा टाकला. राजवाड्याचे सगळे अडकित्ते यापुढे भिवानेच करायचे, असाही हुकूम झाला. व्हाइस गाडीपर्यंत उचलून नेण्याचं काम त्र्यंबकरावांना मिळालं, आणि त्यात स्क्रूतल्या जुन्या तेलाने त्यांचे दोन्ही हात काळे झाले.