सुभानाचं वळण

तो नारळ पालखीला बांधू नका. पिशवीत ठेवा आणि स्वतःच्या हाताने वर न्या. कुंबळजाईच्या पालखीत मुखवट्याशिवाय काही ठेवायचं नाही, अशी आमच्या गावची रीत आहे. समोर पायऱ्या डावीकडे वळतात ना, त्याला सुभानाचं वळण म्हणतात. पालखी तिथे थांबते. का थांबते ते सांगतो, पण ऐकून माझ्या गावाबद्दल तुमचं मत चांगलं राहणार नाही. माझंही राहिलेलं नाही.

फार पूर्वी या पालखीला चार भोई खांदा देत. त्यांतला पुढचा सुभाना. त्या काळी नवसाची वस्तू पालखीतून वर गेली तरच देवीला पोचते, असा लोकांनी समज करून घेतला होता. खरं कारण एवढंच, की साडेतीनशे पायऱ्या ओझं घेऊन कोण चढणार? आधी नारळ आले, मग पितळी घंटा आल्या, मग तांब्याच्या हंड्यात भरलेले गहू. पाटलाला नातू झाला तेव्हा त्याने पोराच्या वजनाइतका गूळ ठेवला आणि त्यावर पोरालाही बसवलं, म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण देवीला जड म्हणायचं नाही, असा दंडक होता. जो जड म्हणेल त्याच्या घरावर कोप होईल, असं गुरव सांगे. दर वळणावर तो विचारायचा, "कशी हाय?" आणि चौघांनी एका सुरात म्हणायचं, "फुलावानी." सुभानाच्या खांद्याला जखम होती. ती वर्षानुवर्षं चिघळत राहिली, तिच्यातून पू वाहायचा, आणि दांड्याला लागलेला तो पू देवीचा प्रसाद म्हणून लोक कपाळाला लावायचे. कपाळाला लावतील, पण एक नारळ कमी करणार नाहीत.

त्या वर्षी चैत्रात सुभाना तापाने फणफणला होता. त्याची बायको भागू पाटलाकडे गेली. ओझं निम्मं करा, नाहीतर माझा माणूस जगत नाही, असं तिने पदर पसरून सांगितलं. देवीला कमीजास्त करणारे आपण कोण, असं म्हणून पाटलाने तिला वाटेला लावलं. तोंडात गुळाचा खडा होता, असंही सांगतात. ते खरं असेल, मला तो माणूस अगदी दिसतो.

पालखी निघाली. या वळणावर गुरवाने विचारलं. तिघे म्हणाले, "फुलावानी." सुभानाच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने एकदा म्हणावं म्हणून सगळं गाव थांबून राहिलं. पालखी वाटेत टेकवायची नाही, म्हणून खाली घेऊ दिली नाही. तो उभ्याउभ्याच गेला. मग गुडघे मोडले आणि पालखी आडवी झाली.

आता पुढचं ऐका. नारळ पायऱ्यांवरून गडगडत खाली निघाले आणि गाव नारळांच्या मागे धावलं. ज्याचा त्याला आपला नारळ हवा होता. काहीजण सुभानाला ओलांडून गेले. त्याच्यापाशी बसली ती एकटी भागू.

सगळं गोळा झाल्यावर लोक परत आले. पालखीत पावशेराचा मुखवटा तेवढा उरला होता. चौघांनी उचलली, हलेना. आठ लागले, बारा लागले, दांडा वाकला, पण पालखी जागची उठली नाही, असं सांगतात. गुरव घाबरला. देवीला काय हवं, असं तो ज्याला त्याला विचारू लागला.

भागूने नवऱ्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं.

"जड हाय म्हणा," ती म्हणाली. "त्यो जलमभर बोलला न्हाई, आता तुमी बोला."

एकेकाने म्हटलं. पाटील सगळ्यांत शेवटी म्हणाला, तेही पुटपुटत. भागूने ते मानलं नाही. त्याला तीनदा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे पालखी उठली, म्हणे. पण भोयांचा खांदा पुन्हा लागणार नाही, असं तिने तिथेच सांगितलं. मग खांदा कोण देणार? ज्याच्या घरचा गूळ होता, त्याच्या घराने.

त्या पाटलाच्या सातव्या पिढीतला मी. आजही पालखीला खांदा आमच्या घरचाच असतो. भोयांच्या घरची कर्ती बाई रिकाम्या हातांनी पुढे चालते. या वळणावर ती मागे वळते आणि विचारते, "कशी हाय?" आम्ही म्हणतो, "जड हाय." पाहुणे हसतात. पावशेर चांदी ती काय, आणि चार धडधाकट पुरुष!

पण वाट तिने सोडायची असते. तिला पटेपर्यंत आम्ही खांद्यावर घेऊन उभं राहायचं. गेल्या वर्षी इंदूबाई होती. आमच्याकडे बघत ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, आणि लवकर चला म्हणायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही.