साहेबांचे डोळे आणि ओढ्यातला मासा

शाल्मलीने धुरंधरसाहेबांच्या टेबलावर दोन मासे ठेवले. “हा नदीतला मळ्या. हा दुसरा फक्त कुंभारझरीच्या ओढ्यात सापडतो. शेकडो माशांची मापं घेतली, दरवेळी याचं डोकं लांब, शेपटीचा बुंधा बारीक. ओढा बुजवलात तर ही जातच संपेल.”

“मला दोन्ही सारखेच दिसतात,” साहेब म्हणाले. “आणि डोळ्यांना दिसत नाही तो फरक नसतोच, बाई. ओढा बुजवायच्या हुकमावर मी आत्ताच सही करतोय.”

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “करा की. त्याआधी चष्मा काढून तो हुकूम वाचून दाखवा.”

साहेबांचा हात चष्म्यापर्यंत जाऊन थबकला.

“तुम्हाला अक्षरं दिसायला काच लागते, साहेब. मला मासे ओळखायला मोजपट्टी लागते.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मोजा माझ्यासमोर.”