बुरुडाची नऊ पिल्ले

कुंभवती नगरीवर दृढवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेर बुरुडांच्या वस्तीत जन्मला होता. त्याचे नाव सोणक. बांबू चिरून टोपल्या आणि सुपे विणावीत आणि त्यावर पत्नी पिंगलेसह समाधानाने राहावे, असा त्याचा दिनक्रम होता. त्या घरात कधी मांजरदेखील पाळलेले नव्हते.

शेजारी घोषा नावाची वृद्धा राहत असे. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दूरच्या गावी निघाली, तेव्हा तिने आपली उबवणीला बसलेली खुडूक कोंबडी अंड्यांसकट सोणकाच्या पडवीत आणून ठेवली.

"तुला काही करावं लागणार नाही, सोणका," ती म्हणाली. "सगळं कोंबडीच बघते."

चार दिवसांनी नऊ पिल्ले बाहेर पडली. त्यानंतरच्या सकाळी कोंबडी दाणे टिपत कुंपणापाशी गेली आणि मुंगसाने तिला धरले. सोणक धावला, पण पोहोचेपर्यंत ती मेली होती. पडवीत नऊ पिल्ले चिवचिवत होती आणि त्यांचे काय करायचे हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

सोणक विचारायला निघाला. धनगर म्हणाला, "त्यांना घोंगडीत गुंडाळ." सोणकाने गुंडाळले, तर पिल्ले चोची वासून धापा टाकू लागली. तेलीण म्हणाली, "अरे, गुदमरतील ती. मोकळी हवा लागू दे." त्याने घोंगडी काढली, तेव्हा ती एकमेकांवर चढून बसली आणि खालचे एक चिरडून मेले. कोणी सांगितले पाणी ठेव, म्हणून त्याने वाडगाभर पाणी ठेवले. त्यात एक बुडाले. कोणी सांगितले तीन दिवस पाणी दाखवूच नकोस, म्हणून त्याने वाडगा उचलला. मग पिल्ले मान टाकू लागली, म्हणून पुन्हा ठेवला. अख्खे तांदूळ टाकले ते चूक की बरोबर, हेही त्याला कळेना. तिसरे पिल्लू कशाने गेले हे तर शेवटपर्यंत कळले नाही. सकाळी ते बरे होते आणि दुपारी नव्हते.

विणकाम बंद पडले. पिंगला म्हणाली, "अहो, हे आपल्याला जमायचं नाही. आपण त्यांना जगवतोय की मारतोय, तेच मला कळत नाही."

"मलाही कळत नाही," सोणक म्हणाला.

त्याच दुपारी राजाचा श्येनपाल, म्हणजे शिकारी ससाण्यांची निगा राखणारा अधिकारी, वस्तीत आला. पिल्लांचा आवाज ऐकून तो पडवीपाशी थांबला.

"माझ्या ससाण्यांच्या पिल्लांना असंच कोवळं मांस लागतं," तो म्हणाला. "ही सहाही मला दे. राजवाड्याच्या टोपल्यांचं काम यापुढे तुझ्याकडे येईल, तो शब्द माझा."

श्येनपाल पुढे म्हणाला, "नाहीतरी तुझ्या हातून ती मरतच आहेत. अजून दोन दिवसांनी काय उरणार आहे?"

हे बोलणे सोणकाच्या मनाला लागले, कारण ते खोटे नव्हते. राजवाड्याचे काम मिळाले तर घरात कशाची वाण राहणार नव्हती. त्याने पिल्लांकडे पाहिले. त्यातले एक डोळे मिटून, पंख सैल सोडून एका बाजूला उभे होते.

"स्वामी," तो म्हणाला, "ही कशी जगवायची ते मला माहीत नाही. उद्या सगळी मेली तर मी काय करीन, तेही माहीत नाही. पण मारण्यासाठी ती तुमच्या हातात द्यायची नाहीत, एवढं मात्र मला कळतं."

श्येनपाल हसून निघून गेला आणि राजवाड्याचे काम दुसऱ्या बुरुडाला मिळाले.

त्यानंतर सोणकाने विचारणे थांबवले आणि तो पिल्लांशेजारी जमिनीवर नुसता बसून राहिला. ती कधी दाटी करतात, कधी पांगतात, कोणता आवाज काढतात, ते तो पाहत राहिला. पिंगला दारातून हे पाहत होती. मग ती आत गेली, तिने एका मडक्यात गरम राख भरली, मडक्याला जुने लुगडे गुंडाळले आणि ते पिल्लांच्या मधोमध ठेवले.

"हवं तर जवळ येतील, नको तर लांब जातील," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना ठरवू दे."

पिल्ले मडक्याला टेकली. थोड्या वेळाने काही दूर झाली आणि पुन्हा आली. सोणकाने मातीच्या उथळ परळात पाणी ठेवले, कण्या बारीक करून पसरल्या. पंख सोडलेले पिल्लू मात्र संध्याकाळी त्याच्या ओंजळीतच गेले. उरलेली पाच जगली.

घोषा परतली तोवर त्यांना पिसे फुटली होती. सोणकाने काहीही न लपवता सगळे सांगितले आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

घोषेने एकेक पिल्लू उचलून पाहिले. "मी जन्मभर कोंबड्या पाळल्या," ती म्हणाली, "पण आईवेगळं पिल्लू माझ्याकडे एकही जगलं नाही. तू काय केलंस?"

सोणकाने लुगड्यात गुंडाळलेले राखेचे मडके तिच्यापुढे ठेवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, उत्तिय नावाच्या भिक्षूला सांगितली. त्याच्याकडे आजारी भिक्षूंची शुश्रूषा सोपवली होती, दोघे त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते आणि 'मला यातले काही कळत नाही, मला मोकळे करा' अशी विनवणी करीत तो आला होता. शास्ता म्हणाले, "तेव्हाची घोषा म्हणजे आपली वृद्ध भिक्षुणी थेरी वासुला. श्येनपाल म्हणजे या विहाराला धान्य देणारा गृहस्थ धनिय. बुरूड सोणक मी होतो. आणि उत्तिया, पिंगला तू होतास. 'जमायचं नाही' असं तू तेव्हाही म्हणाली होतीस, आणि राखेचं मडकं तूच आणून ठेवलं होतंस."

उत्तियाने वंदन केले. तो उठला आणि आजाऱ्यांच्या खोलीकडे गेला.

काही उमजत नसतानाही जी जवळून उठत नाही, तिला करुणा म्हणतात.