पाटला आत्याचा नकार

फार पूर्वी सौवीर देशात, वाळूच्या रानाला लागून असलेल्या एका नगरात उग्रतेज नावाच्या राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुयाम. व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे तांडे वाळवंटापलीकडे नेणे हे त्याचे काम, आणि ते त्याने सोळा वर्षे केले. वर्षातले आठ महिने तो वाटेवर असे आणि उरलेले चार महिने घरी झोपून काढी. त्याची बायको अनोजा शेजारणींना म्हणायची, "माझा नवरा पाहुणा आहे. फक्त त्याची भांडी घरात असतात."

एका वर्षी उतारावर गाडीचे चाक त्याच्या गुडघ्यावरून गेले. हाड सांधले, पण पाय वाकेना. तेव्हापासून बोधिसत्त्व घरीच राहिला.

पहिले आठ दिवस तो ओट्यावर बसून होता. नुसता बसला असता तर अनोजाला काही वाटले नसते, पण तो बघत होता. कोण कधी उठते, चूल कोण पेटवते, पाण्याला कोण जाते. मधेच काहीतरी विचारायचा. "सामा सूप डाव्या हाताने का धरते?" "वल्लिय जेवताना बोलत का नाही?" सामा ही त्याची मुलगी, लग्नाला आलेली. वल्लिय हा त्याचा धाकटा भाऊ, तिशीतला, अंगाने धिप्पाड. सोळा वर्षे एका छपराखाली राहिलेल्या माणसांबद्दल हा माणूस परक्या गावात आल्यासारखा विचारत होता.

नवव्या दिवशी अनोजाचा धीर सुटला. "घराची झडती घेताय का? माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका."

"तुझं काही चुकलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मला वाळवंटातली प्रत्येक विहीर माहीत आहे. या घरातलं काहीच माहीत नाही, म्हणून बघतोय."

त्या दिवसापासून अनोजाही त्याच्याकडे जरा निरखून बघू लागली.

पुढे एका सकाळी त्याने सगळ्यांना ओट्यावर बोलावले. "तांड्यातली माणसं वाटेत चूल पेटवू शकत नाहीत," तो म्हणाला. "सरपण नसतं, पाणी मोजून प्यावं लागतं. त्यांना न शिजवता खाता येईल आणि महिनाभर टिकेल अशी शिदोरी लागते. सातूच्या, म्हणजे भाजलेल्या जवांच्या पिठाचे लाडू. आपण ते घरी करू."

वल्लिय म्हणाला, "दादा, करायचे तर चार मजूर ठेव. घरची माणसं कामाला लावलीस की रोज भांडणं होतील."

"होतील," बोधिसत्त्व म्हणाला, "पण मजुराला लाडू कळेल, वाट कळणार नाही. मी सोळा वर्षं वाटेवर होतो तेव्हा तुम्ही सगळे माझी वाट बघत होतात. उपाशी माणसाची काळजी कशी असते, ते तुम्हाला शिकवावं लागणार नाही." मग त्याने एकेकाला विचारले, "तुला काय कळतं?"

काय येते असे त्याने विचारले नव्हते, काय कळते असे विचारले होते. अनोजाच्या हे लक्षात आले, आणि हा प्रश्न आपल्याला आजवर कोणी केला नव्हता हेही. ती म्हणाली, "मला भाजणं कळतं. तापलेल्या वाळूत जव टाकले की कोणत्या क्षणी बाहेर काढायचे, ते मला वासावरून कळतं." सामा म्हणाली, "माझ्या हाताला वजन कळतं. शंभर लाडू वळले तर शंभर सारखे होतील." वल्लियने आपले दंड दाखवले. सगळे हसले. मुसळ त्याच्याकडे गेले.

राहिली पाटला आत्या. ही बोधिसत्त्वाच्या वडिलांची बहीण. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. आतल्या खोलीत बाजेवर पडून ती दिवसभर कुरकुर करी. दूध जळके, घोंगडी खरखरीत, कोणी दार आपटले, कोणी आपटले नाही म्हणजे उघडेच ठेवले. अनोजाने नवऱ्याला खुणेने सांगितले, तिला राहू दे. पण बोधिसत्त्व पाय ओढत आत गेला आणि बाजेशी बसला.

"आत्या, तुला काय कळतं?"

म्हातारी म्हणाली, "मला चूक कळते. या घरात दुसरं करते काय मी?"

बाहेर वल्लियला हसू आवरेना. बोधिसत्त्व मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मग तू चूक सांगायची. तू नाही म्हणालीस तर माल दाराबाहेर जाणार नाही."

अनोजाने कपाळाला हात लावला.

असा तो धंदा सुरू झाला. अनोजा अंगणात जव भाजी, वल्लिय आतल्या खोलीच्या भिंतीलगत उखळात ते कांडी, सामा पीठ चाळून गूळ आणि तीळ घालून लाडू वळी. बोधिसत्त्व तांडेवाल्यांशी बोले आणि पोती शिवी. प्रत्येक खेपेला एक लाडू आत्याच्या हातावर ठेवायचा आणि ती काय म्हणते ते ऐकायचे. कधी ती म्हणे, गुळाला कातड्याचा वास आहे. शोधले तर खरेच, गूळ बकऱ्याच्या कातडीच्या पिशवीतून आलेला असे. एकदा तिने तीळ कडू आहेत म्हणून सगळा माल पुन्हा नव्याने करायला लावला. नंतर कळले की तिने सकाळीच कडू काढा घेतला होता. त्या दिवशी वल्लिय जेवला नाही. अनोजाही नवऱ्याला म्हणाली, "एवढी मोकळीक कशाला द्यायची? ती थकली आहे."

"शब्द दिलाय," बोधिसत्त्व एवढेच म्हणाला.

तरीही वर्षभरात नाव झाले. वाळूच्या रानात जाणारा माणूस सुयामच्या घरचे लाडू मागू लागला.

हिवाळा संपत आला तेव्हा पूर्णक नावाचा तांड्याचा मोठा मालक आला. त्याच्या साठ गाड्या होत्या, माणसे सव्वाशे. वाट सोळा दिवसांची. त्याने चाळीस पोती सांगितली. त्या घराने एवढे काम कधी केले नव्हते. महिनाभर उखळ थांबले नाही. अनोजाच्या हाताला फोड आले. सामा बोटे वाकवूनच झोपू लागली. शेवटी चाळीस पोती अंगणात रचून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णकाच्या गाड्या वेशीपाशी जुंपून उभ्या राहणार होत्या.

त्या सकाळी बोधिसत्त्वाने आत्याच्या हातावर लाडू ठेवला. तिने तो खाल्लाही नाही.

"हा माल जाऊ देऊ नको," ती म्हणाली.

अनोजा दारातच उभी होती. तिने एक लाडू फोडला. रंग छान, वास छान, चवही छान. "आत्याबाई, खाऊन तरी बघा!"

"खायची गरज नाही. चार दिवसांमागे मुसळ वेगळं वाजत होतं. भाजलेले जव कुरकुर वाजतात. त्या दिवशी भद्द भद्द वाजत होते, ओल्या मातीवर पाय आपटावा तसे. मी तेव्हाच ओरडले होते. कोणी लक्ष दिलं?"

खरे तर ती रोजच ओरडत असे. वल्लिय मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मुसळाचा आवाज! आता मुसळालाही विचारायचं का, दादा?" पण ते हसू मधेच तुटले. अनोजाने त्याच्याकडे पाहिले. तो आपल्या पायांकडे बघत होता.

अनोजाला वाटले, गप्प बसावे. गाड्या जुंपलेल्या आहेत, लाडूंना काहीही झालेले दिसत नाही, म्हातारीचे शब्द कोण मानतो? पण काय झाले हे जाणून घेतल्यावाचून तिला राहवेना. ती दिराजवळ गेली. "भाऊजी, त्या दिवशी काय झालं?"

वल्लियच्या तोंडून शब्द हळूहळू बाहेर आले. भाजलेले जव त्याने संध्याकाळी चटईने झाकायचे, ते तो विसरला. पहाटे नदीकडून धुके आले. सकाळी जव वरून कोरडे दिसले, म्हणून त्याने तसेच कांडले. त्याचे लाडू बाकीच्या ढिगात मिसळले, आणि शेवटी सगळी पोती त्याच ढिगातून भरली.

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू, वहिनी? आयुष्यात दादाची एक वाट चुकली नाही. आणि माझ्याकडून चटई टाकायचं राहिलं, हे त्याला सांगू?"

बोधिसत्त्व भावाजवळ येऊन बसला. "माझ्या तीन वाटा चुकल्यात," तो म्हणाला. "एकदा नऊ बैल मेले. एकदा एक माणूस गेला, त्याचं नाव मला रोज आठवतं. घरी येऊन मी कधी बोललो नाही. कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

अनोजा हे पहिल्यांदाच ऐकत होती. चार चार महिने तो का झोपून असायचा, ते तिला त्या क्षणी कळले.

पूर्णक आला तेव्हा बोधिसत्त्वाने त्याला जव दमट झाल्याचे सांगितले. "हे लाडू आज चांगले आहेत. आठव्या दिवशी असतील की नाही, सांगता येत नाही. मी विकणार नाही."

पूर्णकाचा चेहरा लाल झाला. "वाटेतल्या विहिरी आटायला लागल्यात. मी चार दिवससुद्धा थांबू शकत नाही. बाजारात मिळेल ते पीठ घेऊन मला जावं लागेल. कोणी थांबवला हा माल?"

"घराने," बोधिसत्त्व म्हणाला.

मग तो घरच्यांकडे वळला. घराच्या कोठीत सातूच्या पिठाची सात पोती वेगळी होती. पावसाळ्यात घरच्यांना खायला म्हणून ती हिवाळ्याच्या सुरुवातीलाच कांडून ठेवलेली होती. तो म्हणाला, "ती पोती चांगली आहेत. यांच्याबरोबर द्यावीत असं मला वाटतं. पण ती माझ्या एकट्याची नाहीत. तुम्ही सांगा."

"द्या," वल्लिय लगेच म्हणाला. सामाने मानेने होकार दिला. आतून आत्या ओरडली, "मला दात नाहीत, मला पेज चालते!"

सगळे अनोजाकडे बघू लागले. ती मात्र नवऱ्याकडे बघत होती. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जाणार नाहीत."

खरेच जाणार नाहीत का? तिने त्याचा चेहरा वाचला. तिथे आर्जव नव्हते, राग नव्हता, आपले म्हणणे ती मानेलच अशी खात्रीही नव्हती. तो उत्तराची वाट बघत होता. अनोजा म्हणाली, "पाच द्या. दोन ठेवते. घरात म्हातारं माणूस आहे, आणि पेजेलाही काहीतरी लागतं."

पाच पोती गाडीवर चढली. बोधिसत्त्वाने त्यांची किंमत घेतली नाही. पूर्णक गाड्या घेऊन निघून गेला.

सहाव्या दिवशी अंगणातल्या पोत्यांतून आंबट वास आला. उघडून पाहिले तर लाडूंवर हिरवी लव आली होती. वल्लियने एकट्याने चाळीस पोती गावाबाहेर नेऊन पुरली. आत्यालाही हे सांगितले. दिवसभर तिने कशालाही नाव ठेवले नाही. शेवटी सामा घाबरून आईला म्हणाली, "आजीला बरं नाही, वाटतं." संध्याकाळी आत्या म्हणाली, दूध जळले आहे, तेव्हा कुठे घराच्या जिवात जीव आला.

त्या पावसाळ्यात घर पेजेवर राहिले.

पूर्णक परत आला तो पावसाळा सरल्यावर. तो वाळला होता, काळवंडला होता. गाडीतून उतरून त्याने आधी पाणी मागितले आणि मग सांगितले. दहाव्या दिवशी वावटळ उठली, वाट बुजली, पाच दिवस तांडा एकाच जागी अडकला. बाजारच्या पिठाला कीड लागली. मग माणशी रोज दोन मुठी पीठ, असे त्या पाच पोत्यांवर सव्वाशेही माणसे पलीकडे पोचली.

"तुमचा माल ज्याने थांबवला, त्याला मला बघायचंय," तो म्हणाला.

अनोजा त्याला आत घेऊन गेली. कोणी पिकल्या केसांचा जाणता पुरुष असेल अशी पूर्णकाची कल्पना होती. बाजेवर मूठभर म्हातारी बघून तो गोंधळला. मग वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला.

"कोण आहे?" आत्या म्हणाली. "हात किती गार! पाय धुऊन आलास का?"

बाहेर येऊन पूर्णक बोधिसत्त्वाला म्हणाला, "राजमार्गावर माझी मोठी जागा आहे. शंभर मजूर देतो, शंभर उखळं देतो. तू त्यांचा मुख्य हो. दहा वर्षांत या नगरात तुझ्यासारखा धनवान नसेल."

"घरात विचारून सांगतो," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याने विचारले. वल्लियला जागा बघावीशी वाटत होती, तसे त्याने सांगितलेही. सामाला काही ठरवता येईना. अनोजाने बराच विचार केला. आत्या म्हणाली, "शंभर मुसळांच्या गलक्यात मला काय ऐकू येणार?"

अनोजा उठली, बाहेर गेली आणि पूर्णकाला तिनेच सांगितले, "नाही जमणार."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका गृहस्थाला सांगितली. त्याने घरी सुगंधी तेलाचा धंदा काढला होता. म्हातारी आई प्रत्येक कुपीत खोड काढते, तेव्हा तिला दुसऱ्या गावी भावाकडे पाठवावे का, असे विचारायला तो विहारात आला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "गृहस्था, त्या जन्मीची पाटला आत्या म्हणजे आजची तुझी आई. चटई टाकायला विसरलेला वल्लिय तू होतास. तुझ्या मागे बसलेला हा वृद्ध भिक्षू तेव्हा पूर्णक होता. दारातली ती भिक्षुणी अनोजा होती, आणि ती सामा आज तुझी मुलगी आहे. तो वाटाड्या मी होतो. मी पाच पोती दिली म्हणून लोक त्या जन्माला दानाचा जन्म म्हणतील. पण देण्याच्या आधी मी विचारले होते, आणि मिळेल ते उत्तर घ्यायला तयार होतो. आपल्या शब्दाला जेवढे वजन, तेवढेच घरातल्या प्रत्येकाच्या शब्दाला देणे, याला समानात्मता म्हणतात."